जसे अन्न, तसा जबडा!

शिरूर-दौंडच्या शिवारातील उंदीर, घुशी आणि खारींच्या दातांत लाखो वर्षांच्या आहाराचा इतिहास दडलेला आहे

रांजणगावच्या महागणपतीपुढे हात जोडणारा भाविक त्याच्या वाहनालाही आदराने नमस्कार करतो. देवळातून निघून घोड नदीच्या अथवा भीमेच्या काठाकडे वळले, की मात्र मूषकाचे दुसरे रूप दिसू लागते. उसाच्या फडात कुरतडलेली कांडी, गव्हाच्या वावरात तिरप्या कापलेल्या काड्या, भुईमुगाच्या वेलांखाली निघालेले मातीचे उकीर या खुणा शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याला नव्या नाहीत. ‘उंदीर लागला’ एवढ्या दोन शब्दांत तो आपल्या नुकसानीची नोंद करून मोकळा होतो.

पण हा ‘उंदीर’ म्हणजे एकच प्राणी नव्हे. एकाच शिवारात राहणाऱ्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या, परंतु वेगवेगळे अन्न खाणाऱ्या अनेक जातींना आपण हे एकच नाव देतो. त्यांच्यातील भेद समजून घ्यायचा तर रंग किंवा शेपटीची लांबी पाहण्यापेक्षा तोंड उघडून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढच्या दातांची रुंदी, दाढांवरील उंचवटे, जबड्याच्या हाडाचा आकार आणि त्याला जोडलेले स्नायू यांवर त्या जातीच्या पूर्वजांनी काय खाल्ले याचा ठसा उमटलेला असतो. कोणती जात कोणत्या पिकावर का तुटून पडते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भागही तेथेच सापडतो.

पटाशीचे दात

उंदीर, घूस, खार, शेकरू आणि साळिंदर हे सर्व ‘कृंतक’ या गणातील प्राणी. जगातील सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती या एकट्या गणात मोडतात. ध्रुवीय प्रदेशाजवळच्या गवताळ भागापासून वाळवंटापर्यंत आणि दाट अरण्यापासून मुंबईच्या गटारापर्यंत कृंतक पोहोचले आहेत. या यशाचे बरेचसे श्रेय त्यांच्या जबड्याला द्यावे लागते.

वरच्या जबड्यात दोन आणि खालच्या जबड्यात दोन, असे चार पुढचे दात ही या गणाची ओळख होय. सुताराच्या पटाशीसारखी धार असल्याने मराठीत त्यांना ‘पटाशीचे दात’ म्हणतात आणि हे नाव शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. या दातांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण एनॅमलचा थर असतो. मागचा भाग तुलनेने मऊ अशा दंतिनाचा असतो. कुरतडताना मागचा मऊ भाग लवकर झिजतो, पुढचा कठीण थर मागे राहतो आणि धार आपोआप लागत राहते. अनेक कृंतकांच्या एनॅमलमध्ये लोहाचा अंश असतो. त्यांच्या दातांना नारिंगी छटा येते ती त्यामुळेच. हे एनॅमल तांबे आणि शिसे यांसारख्या धातूंपेक्षा कठीण असल्याने शिशाचे नळ किंवा विजेच्या तारा कुरतडणे उंदराला अवघड जात नाही.

या दातांची वाढ जन्मभर थांबत नाही. घरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या उंदराचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. म्हणजे झीज झालीच नाही, तर वर्षभरात त्यांची लांबी दहा सेंटिमीटरच्या पुढे जाईल. वरचा आणि खालचा दात काही कारणाने एकमेकांवर नीट टेकेनासे झाले, तर ते वाकडे वाढत जातात, तोंड मिटत नाही आणि अखेर प्राणी उपाशी मरतो. उंदीर न खाण्याजोग्या वस्तूही कुरतडतो, त्यामागे केवळ खोडसाळपणा नसतो. दात झिजवत राहणे ही त्याच्या जगण्याची अट आहे.

कृंतकांना सुळे नसतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते. कुरतडताना ओठांच्या आणि गालांच्या घड्या या जागेत येतात आणि तोंडाचा मागचा भाग बंद होतो. त्यामुळे लाकूड किंवा माती कुरतडली, तरी तिचा भुगा घशात जात नाही.

एक जबडा, दोन कामे

उंदराच्या जबड्याला दोन वेगळी कामे करावी लागतात. पुढच्या दातांनी कुरतडणे हे पहिले आणि मागच्या दाढांनी दळणे हे दुसरे. गंमत अशी, की ही दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत. कुरतडण्यासाठी खालचा जबडा पुढे सरकतो. त्या वेळी पुढचे दात एकमेकांना भिडतात, पण दाढा भिडत नाहीत. दळण्यासाठी जबडा मागे सरकतो. आता दाढा जुळतात आणि पुढचे दात सुटे होतात.

अडकित्त्याने सुपारी फोडणाऱ्याला यातील तत्त्व सहज कळेल. सुपारी खिळ्याच्या जवळ धरली, तर ती थोड्या जोरात फुटते. टोकाकडे धरली, तर हाताला अधिक जोर लावावा लागतो. जबड्याचा सांधा म्हणजे हा खिळाच. दाढा त्याच्या जवळ असल्याने तेथे दाब अधिक मिळतो. पटाशीचे दात टोकाला असल्याने तेथे जोर पोहोचवण्यासाठी स्नायूंची विशेष रचना लागते. ही रचना कृंतकांनी तीन मुख्य प्रकारे साधली आहे.

खार आणि शेकरू यांच्यामध्ये गालाच्या चर्वणस्नायूचा बाहेरचा भाग डोळ्यांच्या पुढे, थेट मुस्कटाच्या हाडापर्यंत पसरलेला असतो. त्यामुळे पुढच्या दातांना मोठा जोर मिळतो. कठीण कवचाची फळे आणि बिया फोडणाऱ्या प्राण्याला याचीच गरज असते. ज्या भीमेच्या पाण्यावर दौंडचा ऊस पोसला जातो, तिच्या उगमाशी असलेल्या भीमाशंकर अभयारण्यात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. त्याचा जबडा या रचनेचा उत्तम नमुना आहे.

साळिंदराची तऱ्हा वेगळी. त्याच्या चर्वणस्नायूचा आतला भाग डोळ्यापुढील हाडातल्या मोठ्या छिद्रातून पुढे जातो. दक्षिण अमेरिकेतील गिनीपिगमध्येही हीच रचना आढळते. कंदमुळे, साली आणि चिवट वनस्पती दीर्घकाळ दळणाऱ्या जबड्यांना ती उपयोगी पडते. साळिंदर वाळलेली हाडेही कुरतडते. त्यातून त्याला खनिजे मिळतात आणि दातही झिजतात. पुरातत्त्वज्ञांना गुहांमध्ये सापडणाऱ्या हाडांवर अनेकदा साळिंदराच्या दातांचे समांतर चर दिसतात. ते माणसाच्या हत्याराचे आहेत की प्राण्याच्या दाताचे, हे आधी ठरवावे लागते.

उंदीर आणि घूस यांच्या जबड्यात या दोन्ही युक्त्यांचा मेळ आहे. बाहेरचा स्नायूही पुढे सरकलेला आणि आतल्या स्नायूचा काही भागही छिद्रातून पुढे गेलेला. ब्रिटनमधील फिलिप कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली खार, गिनीपिग आणि उंदीर यांच्या कवट्यांची संगणकीय प्रतिरूपे करून त्यांवर पडणारे ताण मोजले. कुरतडण्यात खार गिनीपिगपेक्षा सरस ठरली, दळण्यात गिनीपिग खारीपेक्षा सरस ठरला आणि उंदीर दोन्ही कामांत मागे पडला नाही. धान्यापासून साबणापर्यंत काहीही पचवणाऱ्या उंदराच्या जगभरातील प्रसाराचे एक कारण या जबड्यात असावे.

एका शिवारातले पाच जबडे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तालुके. एकेकाळी येथे प्रामुख्याने ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि माळराने होती. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडकडे आले. चासकमानचे आणि चिंचणीच्या घोड धरणाचे पाणी शिरूरच्या शिवारात खेळू लागले. बागायती वाढली, ऊस आला, दौंड तालुक्यात केडगाव परिसरात गुऱ्हाळे उभी राहिली. कालव्याकाठचा ऊस आणि त्यापलीकडचे कोरडे माळ अशी दोन जगे येथे शेजारी-शेजारी नांदतात. दख्खनच्या अशा मिश्र प्रदेशात आढळणारे पाच प्रमुख कृंतक आणि त्यांचे जबडे पाहण्याजोगे आहेत.

लहान घूस : शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. ओलिताच्या शेतातील हा सर्वांत मोठा उपद्रवी. पटाशीचे दात रुंद आणि भक्कम असतात. दाढांवरचे उंचवटे एकमेकांत मिसळून आडव्या पट्ट्या झालेल्या असतात. त्यामुळे दाढ जात्याच्या टाकी लावलेल्या पाळीसारखी काम करते. उसाचे कठीण कांडे, गव्हाची काडी, भुईमुगाची शेंग असे काहीही तिला चालते. ही घूस बिळात धान्याच्या ओंब्या साठवून ठेवते आणि बिळाच्या तोंडाशी मातीचा उकीर काढते.

जरबिल : शास्त्रीय नाव टटेरा इंडिका. शेपटीच्या टोकाला झुपका असलेला हा प्राणी कोरड्या, भुसभुशीत जमिनीत राहतो. बिया, गवत आणि ऋतूप्रमाणे कीटक हा त्याचा आहार. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते. त्याच्या दाढांवरही आडव्या पट्ट्या आहेत, मात्र तो घुशीच्या जवळच्या कुळातला नाही. दोन वेगळ्या शाखांनी खरखरीत अन्न दळण्याच्या एकाच गरजेपोटी सारखी दाढ घडवली. अशा घटनेला उत्क्रांतिशास्त्रात ‘अभिसरण’ म्हणतात.

मऊ केसांचा शेतउंदीर : शास्त्रीय नाव मिलार्डिया मेलटाडा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावावरून या प्रजातीचे नामकरण झाले. हा खऱ्या अर्थाने शेतातला उंदीर. धान्य, कोवळे कोंब आणि कीटक असा त्याचा मिश्र आहार असतो. त्याचे दात घुशीइतके दणकट नसतात.

झुडपी उंदीर : शास्त्रीय नाव गोलुंडा एलिओटी. बांधावरच्या झुडपांत आणि गवतात राहणारा हा उंदीर प्रामुख्याने गवत, पाने आणि देठ खातो. वरच्या पुढच्या दातांवर खाच आणि दाढांवर ठळक, गुंतागुंतीचे उंचवटे ही त्याची खूण.

लहान शेतउंदीर : शास्त्रीय नाव मस बुडुगा. अंगठ्याएवढ्या या प्राण्याच्या दाढा बारीक असतात आणि शेवटची दाढ फारच लहान असते. गवताचे बी, धान्याचे दाणे आणि किडे यांवर त्याचे भागते.

दख्खनच्या प्राण्यांची पद्धतशीर नोंद करण्याचा पहिला मान कर्नल डब्ल्यू. एच. सायक्स यांच्याकडे जातो. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून काम करताना त्यांनी या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची यादी तयार केली. ती १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली. धारवाडला असलेले वॉल्टर एलियट यांनी १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी छापली. झुडपी उंदराच्या नावातील ‘एलिओटी’ म्हणजे हेच एलियट. मेलटाडा उंदराविषयी त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत आजही विचार करायला लावते. १८२६ साली पावसाने सुरुवातीलाच ओढ दिली आणि या उंदरांची बेसुमार पैदास झाली. पेरलेले बी त्यांनी खाल्ले. पीक उभे राहिल्यावर ते ज्वारीच्या ताटांवर चढून कणसेच कापून खाली पाडू लागले. शेतेच्या शेते उजाड झाली आणि रयतेला सारा भरणे अशक्य झाले. एलियट यांनी लहान घुशीबद्दलही नोंद केली आहे. वडार समाजातील लोक तिची बिळे खणून आत साठवलेले धान्य काढत आणि काही ठिकाणी ते इतके असे, की त्या हंगामात त्यावरच त्यांचा निर्वाह होई.

ज्वारीचे ताट कापणारा मेलटाडा आणि जमिनीखाली कोठार भरणारी घूस यांची कामे अशी वेगळी, जबडेही वेगळे.

पोटवारच्या मातीतला पुरावा

आहाराने जबडा घडवला, असे म्हणताना पुरावा कोणता? कृंतकांच्या बाबतीत हा पुरावा भारतीय उपखंडातच, जगातील उत्तम स्वरूपात सापडला आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून मात्र तो मिळत नाही. त्यासाठी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांकडे, आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठाराकडे जावे लागते. तेथे नद्यांनी लाखो वर्षे थरावर थर रचले. त्या मातीतून चाळणीने वेचलेल्या जीवाश्म दाढा एक-दोन मिलिमीटरच्या असतात. पण त्या थरांची वये ठाऊक असल्याने एकामागून एक पिढ्यांचा क्रम लावता येतो.

अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ लुईस जेकब्ज यांनी १९७८ मध्ये या दाढांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे एक कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या ‘अँटेमस’ या प्राण्याच्या वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला नवे छोटे उंचवटे दिसू लागतात. त्यानंतरच्या ‘प्रोगोनोमिस’मध्ये हे उंचवटे इतरांशी जोडले जाऊन आडव्या ओळी तयार होतात. आजच्या उंदराच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात, त्यांची ही सुरुवात. रांगा अशा जुळल्यावर जबडा पुढे-मागे सरकवून अन्न दळणे सोपे झाले.

पुढची कलाटणी हवामानाने दिली. सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात झाडझाडोऱ्याची जागा उष्ण प्रदेशातील गवतांनी घेतली. या गवतांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत निराळी असते. त्यामुळे त्यांच्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाणही निराळे असते. ते गवत खाणाऱ्या प्राण्याच्या दातात ही खूण कायमची उतरते. युरी किमुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पोटवारच्या जीवाश्म उंदरांच्या दातांतील हा कार्बन तपासला. उंदरांच्या दोन शाखांनी वेगवेगळा आहार धरला होता, वनस्पती बदलल्या तसा आहार बदलला आणि त्याच्या जोडीने दाढांचा आकारही बदलत गेला, असे त्यातून दिसले. अन्न आणि दाढ यांचे नाते येथे अंदाजावर नव्हे, तर मोजमापावर उभे आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकाला यातील एक दुवा जवळचा वाटेल. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके त्याच उष्ण प्रदेशीय गवतांच्या गटातील आहेत. गहू मात्र त्या गटात येत नाही. गवतांच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण असतात. ते दाढांवर वाळूच्या कागदासारखे घासतात. ज्या प्राण्यांच्या दाढा उंच, पट्टेदार आणि टिकाऊ, ते अशा अन्नावर तगतात. म्हणजे उसाचा फड ही माणसाने अलीकडे निर्माण केलेली गोष्ट असली, तरी तो फस्त करणाऱ्या जबड्याची तयारी लाखो वर्षे आधी झालेली होती.

अन्न मऊ, जबडा नाजूक

येथे एक गैरसमज टाळायला हवा. कठीण अन्न खाऊन एखाद्या उंदराचा जबडा भक्कम झाला, तर तो भक्कमपणा त्याच्या पिल्लांना वारशाने मिळत नाही. वंशपरंपरेने बदल होतो तो निवडीतून. ज्यांचे दात जन्मतःच त्या अन्नाला थोडे अधिक अनुकूल असतात, ते अधिक काळ जगतात आणि अधिक पिल्ले मागे ठेवतात. हजारो पिढ्यांत हा फरक साठत जातो.

तरीही एका आयुष्यातला बदल नगण्य नसतो. १९८१ साली बीचर आणि कोरुचिनी या संशोधकांनी उंदरांच्या एका गटाला मऊ आणि दुसऱ्याला कठीण अन्न देऊन वाढवले. मऊ अन्नावर वाढलेल्या उंदरांमध्ये वरच्या जबड्याची कमान अरुंद राहिली. २०१४ मध्ये अँडरसन, रेनो आणि रेफिल्ड यांनी प्रयोगशाळेतील छोट्या उंदरांवर असाच प्रयोग केला. आहाराच्या कठीणपणानुसार खालच्या जबड्याचा आकार बदललेला दिसला आणि तो बदल चावण्याच्या कामाला अनुकूल होता. वाढत्या वयात हाडावर स्नायूचा ताण पडतो आणि हाड त्याप्रमाणे घडते, हे त्यामागचे कारण. शहरी मुलांचे दात दाटीवाटीने आणि वाकडे का येतात, या प्रश्नाचा विचार करतानाही अनेक अभ्यासक मऊ, शिजवलेल्या आहाराकडे बोट दाखवतात. त्याची मुळे अशा प्रयोगांत आहेत.

दीर्घकाळच्या निवडीचे टोकाचे उदाहरण इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर सापडले. २०१२ मध्ये वर्णन झालेल्या ‘पॉसिडेंटोमिस व्हर्मिडॅक्स’ या उंदराला दाढा नाहीतच. तो गांडुळे खातो. ओल्या मातीतले मऊ गांडूळ दळावे लागत नाही. त्यामुळे या शाखेत दाढा टिकवून ठेवणारा दाब उरला नाही आणि कालांतराने त्या नाहीशा झाल्या. मांस आणि किडे खाणाऱ्या कृंतकांचे मुस्कट लांबट, पुढचे दात अरुंद आणि दाढांची रांग आखूड असते, तर गवत खाणाऱ्यांचे पुढचे दात रुंद, दाढांची रांग लांब आणि गालाचे हाड जाड असते. जोशुआ सॅम्युएल्स यांनी २००९ मध्ये अनेक जातींच्या कवट्या मोजून काढलेला हा निष्कर्ष आहे. मात्र वंशाचा वारसाही सोडवत नाही. खारीने गवत खायला सुरुवात केली, म्हणून तिचे स्नायू साळिंदरासारखे होत नाहीत. मिळालेल्या रचनेतच आहार फेरफार करतो.

इनामगावची पेवे

या शिवारात धान्य, माणूस आणि उंदीर यांची गाठ केव्हा पडली असेल? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावने या प्रश्नाला मोठी पार्श्वभूमी दिली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. सातू हे त्यांचे प्रमुख पीक. धान्य साठवण्याची पेवे आणि कणगी ठेवण्याच्या जागा उत्खननात मिळाल्या.

तेथील मानवी सांगाड्यांचे दात आणि जबडे जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी तपासले. उत्तरकाळात पाऊसमान घटले, शेती खालावली आणि लोक शिकारीकडे व रानातील अन्नाकडे अधिक वळले, असे ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे. बदलत्या आहाराच्या खुणा माणसाच्या दातांतही शोधता येतात, हे इनामगावच्या अभ्यासाने महाराष्ट्राला दाखवले.

धान्य साठले, की ते खाणारा येतोच. पश्चिम आशियात तर शेती सुरू होण्याच्याही आधी, सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी, घरउंदीर माणसाच्या वस्तीला आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जीवाश्म दाढांच्या आकारावरूनच हे निश्चित करण्यात आले. माणूस एका जागी स्थिरावला, की घरउंदराची जात वाढे. तो भटका झाला, की रानउंदराची जात पुन्हा वर येई. दोन जाती वेगळ्या ओळखता आल्या त्या दाढेवरून.

माळ गेला, जबडे बदलले

हेच चित्र वेगळ्या रूपात आज भीमा-घोडच्या खोऱ्यात पाहायला मिळते. कालव्याच्या पाण्याला सुमारे दीडशे वर्षेच झाली आहेत, शिरूरकडे तर काही दशकेच. एवढ्या काळात नवी जात उत्क्रांत होणे अपेक्षित नसते. बदलते ते जातींचे प्रमाण. कोरड्या, मोकळ्या जमिनीत बीळ करणाऱ्या जरबिलाला आणि बांधावरच्या झुडपांत राहणाऱ्या झुडपी उंदराला ओलिताचा सलग फड सोयीचा नसतो. लहान घुशीला मात्र तेथे वर्षभर ओल, आडोसा आणि अन्न मिळते. ऊस आडवा पडला, की तिचे आणखीनच फावते. तिने कुरतडलेल्या कांड्यात बुरशी शिरते, रसाची प्रत घसरते आणि वजनही घटते.

अन्न तीन वेगवेगळ्या गतींनी काम करते, असे म्हणता येईल. एका आयुष्यात ते हाडाचा घाट बदलते. काही वर्षांत अथवा दशकांत ते शिवारात कोणती जात टिकेल हे ठरवते. लाखो वर्षांत ते दाढेचा नकाशाच नव्याने आखते. पीकपद्धती बदलणारा माणूस दुसऱ्या गतीचा सूत्रधार असतो, याची जाणीव त्याला क्वचितच असते.

उपायांचा विचारही यातून बदलतो. सरसकट विष पेरल्याने घूस आणि निरुपद्रवी झुडपी उंदीर यांत भेद राहत नाही. झिंक फॉस्फाईड खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर ते विष घुबडाच्या शरीरात जाते. गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस आणि कोल्हा हे या शिवारातील जुने राखणदार. त्यांना बांध, झाडे आणि पडीक माळ लागतो. उकीर दिसताच बीळ ओळखणे, बांध स्वच्छ पण पूर्ण उजाड न ठेवणे, आडवा पडलेला ऊस बांधून घेणे आणि गावाने एकाच वेळी मोहीम घेणे हे उपाय अधिक काळ टिकतात. एका शेतात घुशी मारल्या आणि शेजारच्या फडात सोडल्या, तर रिकामी बिळे भरायला वेळ लागत नाही.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये उंदरांनी थैमान घातले, तेव्हा सरकारला ते मारण्यासाठी बक्षिसे द्यावी लागली होती. दुष्काळाने होरपळलेल्या शेतकऱ्याच्या हातचे पीक दुसऱ्यांदा गेले. उंदराच्या जबड्याचा अभ्यास संग्रहालयातील कवट्यांपुरता मर्यादित नाही, हे त्या वर्षांनी शिकवले. कोणता जबडा आपल्या पिकाजवळ आला आहे, हे ओळखणे ही पीक राखण्याची पहिली पायरी आहे.

दातांवरून ओळख

* उंदीर, घूस, जरबिल : एकूण १६ दात. पटाशीचे ४, दाढा १२.
* खार : २२ दात. शेकरू आणि साळिंदर : प्रत्येकी २०.
* ससा कृंतक नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी एक छोटी जोडी असते.
* चिचुंद्रीही कृंतक नाही. लांब सोंड आणि टोकदार दात असलेला हा कीटकभक्षक प्राणी आहे. तिला पटाशीचे सतत वाढणारे दात नसतात. घरातील झुरळे आणि किडे खाणाऱ्या चिचुंद्रीला उंदीर समजून मारणे म्हणजे फुकटचा राखणदार गमावणे होय.
* गव्हाची काडी साधारण ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत कापलेली दिसली, तर ते काम कृंतकाचे समजावे.